समोरच्या दोन दातांमधली फट

कवळीवाल्यांच्या मेहुण्यानं नवा फोन आणून दिला त्या दिवसापासून घरात कुणाला मोकळेपणानं हसायची सोय राहिली नाही. हसलं की फोटो निघायचा.

फोन होताच तसा. वरचा अर्धा भाग अंगठ्यानं पुढे सरकवला की 'खट्' असा गुळगुळीत आवाज यायचा, समोरून आकड्यांची बटणं बाहेर पडायची आणि पाठीमागून भिंग डोळा उघडायचं. कॅमेरा तयार. खोक्यावरसुद्धा कानाला फोन लावलेल्या माणसाचं चित्र नव्हतं, पानावर बसलेल्या माशीचं होतं. फोन करणं हा या फोनाचा जोडधंदा होता, मुख्य धंदा फोटोचा. "भावोजी, पाच मेगापिक्सेल!" मेहुणा म्हणाला होता, "मुंगीचे दात मोजता येतील."

मुंगी सोडून कवळीवाल्यांनी सगळ्यांचे मोजले. त्यांचा धंदाच तो. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते अठ्ठावीस वर्षं खोटे दात बनवत होते. गावातले दातांचे डॉक्टर खरे दात काढायचे आणि त्या जागी बसवायची कवळी कवळीवाल्यांकडून करून घ्यायचे. माणसाशी बोलताना कवळीवाले त्याच्या डोळ्यांत बघत नसत, जरा खाली बघत. लग्नकार्यात कुणी "ओळखलंत का?" विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगत, "जरा हसून दाखवा, मग सांगतो."

त्यामुळे फोटोही त्यांनी तसेच काढले. नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर. कपाळ, डोळे, कान हे भाग त्यांच्या मते भरतीचे होते. पहिला फोटो बायकोचा निघाला. "अहो, हे काय लहान मुलासारखं!" म्हणून ती हसत होती, तेवढ्यात खट्. मग शेजारी, दूधवाला, विजेचं बिल द्यायला आलेला माणूस, आणि मग रांगेनं सगळी गिऱ्हाइकं. महिनाभरात फोनात साठ-सत्तर तोंडं जमा झाली. एकालाही चेहरा नव्हता आणि एकालाही नाव नव्हतं. नाव घालायची सोय फोनात होती, पण ती सापडायला माहितीपुस्तिका वाचावी लागली असती.

फोन येण्याआधी त्यांची एक पद्धत होती. कुणाचे दात काढायचे ठरले की डॉक्टर त्या माणसाला आधी कवळीवाल्यांकडे पाठवत. ते त्या दातांचा प्लास्टरमध्ये साचा घेत. मग एका कार्डावर पेन्सिलीनं चित्र काढत, कुठला दात झुकलाय, कुठला पिवळा आहे, हसताना हिरडी किती दिसते ते लिहीत. पाऊण तास लागे. या पाऊण तासात ते त्या माणसाच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघत की काही माणसं लाजत. फोन आल्यावर पाऊण तासाचं काम दोन सेकंदांत होऊ लागलं. कार्डं बंद झाली, मग साचेही बंद झाले.

"साचा घेतला नाहीत?" बायकोनं एकदा विचारलं.

"आता साचा कशाला?" खिशावर हात मारत कवळीवाले म्हणाले. "सगळं इथे आहे."

गंमत अशी की फोटो काढला की त्यांचं बघायचं काम संपत असे. नंतर बघू, आहेच की खिशात, या भरवशावर ते समोरच्या माणसाकडे बघायचेच थांबले. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ज्याचं त्याच्या लक्षात येत नाही, तसंच.

अशात एक दिवस गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी त्या खोलीत शिरल्यावर कवळीवाल्यांनी पाठ सरळ केली. बाई खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"वरचे सगळे दात हलतायत. डॉक्टर गुरुवारी काढणार आहेत. मला सुंदर दात नकोत. माझेच हवेत. समोरच्या दोन दातांत ही फट आहे ना, ती पण हवी."

"बाई, लोक उलट फट बुजवून मागतात."

"लोकांचं लोकांपाशी. माझं कारण वेगळं आहे." बाई जरा थांबल्या. "आमचे हे पोस्टमास्तर होते. दोन वर्षं झाली, विसरायला लागलेत. गावातल्या सगळ्या गल्ल्या पाठ आहेत. कुणाच्या दारात चावरं कुत्रं होतं तेसुद्धा सांगतील. पण मी कोण, ते सांगता येत नाही. सकाळी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, आपलं काय काम होतं?"

आतून चहा घेऊन आलेली कवळीवाल्यांची बायको दारातच उभी राहिली.

"पण मी हसले ना," बाई म्हणाल्या, "की एकदम थांबतात. तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, 'अगं, तू होय!' बस्. तेवढ्यावर माझा दिवस जातो. आता हे दातच गेले तर मी हसायचं कशानं? म्हणून म्हणते, हुबेहूब करा. फार वेळ लावू नका. त्यांचं रोज थोडं थोडं पुसलं जातंय."

कवळीवाले खुर्ची ओढून पुढे सरकले. दात बनवताना आजवर त्यांनी चावण्याचा विचार केला होता, दिसण्याचा केला होता, पण आपली कवळी एखाद्या माणसाला बायको परत मिळवून देईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "बाई, तुम्ही निर्धास्त राहा," असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. बाई चहाच्या कपाकडे बघून कवळीवाल्यांच्या बायकोला हसल्या. खट्.

"झालं," कवळीवाले म्हणाले.

"एवढंच? साचा नाही घ्यायचा?"

"बाई, जमाना बदलला."

गुरुवारी बाईंचे दात गेले. हिरड्या भरून यायला डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. या सहा आठवड्यांत कवळीवाल्यांनी फोन किती वेळा सरकवला याची मोजदाद नाही. बोलताना सरकवत, विचार करताना सरकवत, जेवताना डाव्या हातानं सरकवत. 'खट्' उघडायचा, 'खट्' मिटायचा. सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडून बाईंच्या हिरड्यांचं माप आलं. कवळीवाल्यांनी हात धुतले, टेबल पुसलं, फोन सरकवला, आणि पडदा काळा ठिक्कर.

मिटला, अंधार. उघडला, अंधार. हळूहळू सरकवत नेला तेव्हा मध्ये एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात, पडदा उजळला आणि पुन्हा गेला.

मोबाइल दुरुस्तीवाल्यानं फोन कानाशी नेऊन दोनदा सरकवला. "पट्टी गेली," तो म्हणाला. "आत एक पातळ पट्टी असते, वरचा भाग खालच्याला जोडणारी. सरकवून सरकवून तुटली. खेळलात का फार?"

"माझं काय खेळायचं वय आहे का? आत एक फोटो आहे, तो तेवढा काढून दे."

"मेमरी कार्डावर असेल ना? कार्ड काढतो."

"कार्ड कपाटात आहे."

"कपाटात?"

"लहान वस्तू, हरवेल म्हणून जपून ठेवलंय. खोक्यातून काढलंच नाही."

दुरुस्तीवाल्यानं त्यांच्याकडे जरा आदरानं बघितलं. अशी गिऱ्हाइकं त्यालाही रोज मिळत नव्हती. "मग कॉम्प्युटरला जोडला असता. पण जोडला की फोन आधी विचारतो, जोडू का? त्याला हो म्हणायला पडदा दिसायला हवा. पट्टी मागवतो. तीन आठवडे लागतील, जास्तही लागतील."

तीन आठवडे! बाईंना काय सांगायचं? साचा घेतला नाही, चित्राचं कार्ड केलं नाही, फोटो आहे पण अंधारात आहे? कवळीवाल्यांना बाईंचा हसरा चेहरा आठवेना. त्यांनी डोळे मिटून बघितलं. फट आठवत होती. फट म्हणजे तरी काय, मधली रिकामी जागा. तिच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते आठवत नव्हतं.

बाईंच्या घरी एखादा जुना फोटो असेल या आशेनं ते दुसऱ्या दिवशी गेले. दार बाईंनीच उघडलं. तोंडावर रुमाल धरला होता. "या," त्या इतक्या हळू म्हणाल्या की कवळीवाल्यांना वाटलं घरात कुणी झोपलंय. आत पोस्टमास्तर खिडकीपाशी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली होती.

"तुमचं पत्र आलेलं नाही," कवळीवाल्यांना बघताच ते म्हणाले. "आलं की घरपोच करू. जुन्या बाजारामागची गल्ली ना? डाव्या हाताचं तिसरं घर, बेल बिघडलेली." पत्ता बरोबर होता. बेलसुद्धा बिघडलेलीच होती.

बाई अल्बम घेऊन आल्या. त्यातल्या प्रत्येक फोटोत त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. लग्नात मिटलेलं, सहलीत मिटलेलं, निरोप समारंभात हार घालूनही मिटलेलं. "वर्गात हसलं की मुलं डोक्यावर चढतात," रुमालाआडून बाई पुटपुटल्या. "तीच सवय लागली. पण तुम्हाला फोटो कशाला? तुम्ही काढला आहे ना?"

"हो हो, आहे ना," कवळीवाले म्हणाले. "सहज, शेजारी ठेवून बघावं म्हटलं."

खरं सांगायचं धैर्य झालं नाही. बाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा पोस्टमास्तरांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं. "या बाई कोण, तुम्हाला माहीत आहे? चांगल्या आहेत हो. अगदी गोड बोलतात. पण कितीतरी दिवस झाले, जात नाहीत. घरच्यांना चिंता लागली असेल."

आतून पाणी घेऊन येणाऱ्या बाई दारात थबकल्या. त्यांनी ते ऐकलं होतं. "डॉक्टर म्हणाले, यांच्यावर आवाज चढवायचा नाही," कवळीवाल्यांना पोचवायला आल्यावर त्या म्हणाल्या. "मुलगी पण रोज फोनवर बजावते. मी गोड बोलते. आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढं गोड बोलते. पण दात नाहीत ना, त्याला काय करायचं? तुम्ही लवकर करा."

घरी येताना कवळीवाल्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून दात तयार होत नाहीत. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती फक्त म्हणाली, "मग त्या दाण्याएवढ्या जागेत धरून बघू की. मी धरते, तुम्ही बघून काढा."

आणि मग तो प्रयोग सुरू झाला. बायकोनं फोन दोन्ही हातांनी धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी तो बरोबर अर्ध्यावर रोखायचा, पडदा कवळीवाल्यांकडे आणि आपलं तोंड भिंतीकडे. कवळीवाल्यांनी एका हातानं बटण दाबत एकेक फोटो पुढे न्यायचा आणि दुसऱ्या हातात पेन्सिल तयार ठेवायची. अंगठा केसभर हलला की अंधार. जास्त हलला की फोन आपण उघडलो असं समजून कॅमेरा सुरू करायचा आणि बायकोच्या पदराचा फोटो काढायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तुम्ही बटण ढकलता."

"आला, आला... हा दूधवाला. पुढे... हे कोण? दातच नाहीत."

"अहो, मला शिंक येतेय."

"आत्ता नको!"

शिंक थांबली, पण फोन वाजला. अर्धवट सरकलेला असल्यामुळे त्यानं स्वतःच उचलला आणि मेहुण्याचा आवाज खोलीत घुमला. "भावोजी! काय म्हणतोय फोन?"

"अर्धा चालतोय! ठेव तू!"

"अर्धा म्हणजे?"

"ठेव म्हणतो ना!" पण ठेवायचा तर फोन मिटायला हवा, आणि मिटला की सगळंच गेलं. मेहुण्याला स्वतःहून ठेवायला लावण्यात पाच मिनिटं गेली, कारण त्याला फोनाच्या तब्येतीची खरोखर काळजी होती. बायकोचे अंगठे पांढरे पडले. तरी तिनं सोडलं नाही.

बाविसाव्या का तेविसाव्या खेपेला, आता हा शेवटचा म्हणून कवळीवाल्यांनी बटण दाबून धरलं, फोटो भराभर पळाले, आणि पडद्यावर एक हसणारं तोंड येऊन थांबलं. दोन दातांमध्ये फट!

"हीच! हीच! धर! श्वास घेऊ नकोस!"

बायकोनं श्वास रोखला. कवळीवाल्यांची पेन्सिल कागदावर धावू लागली. फोन येण्याआधी ते जसे बघायचे तसे आज कितीतरी दिवसांनी बघत होते. फट किती, डावा दात किती पुढे, उजवा किती मागे. आणि मग त्यांना ते दिसलं.

"अरे वा! डाव्या दाताचा कोपरा उडालाय. बारीकसा. बाईंनी सांगितलं नव्हतं, पण आपल्या नजरेतून सुटतंय होय!"

"कुणाचा कोपरा?" भिंतीकडे बघत, श्वास सोडून बायकोनं विचारलं.

"बाईंचा. बोलू नकोस, हललं."

अंधार झाला. पुन्हा काही केल्या पडदा उजळला नाही, पण आता गरजही नव्हती.

पुढचे चार दिवस कवळीवाले जेवायलासुद्धा बोलावल्याशिवाय उठले नाहीत. दात निवडले, मेणात बसवले, फट तीनदा मोजली. शेवटी त्यांनी बारीक कानस घेऊन डाव्या दाताचा कोपरा उडवला. नवा कोरा दात मुद्दाम मोडायचं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. कवळी पाण्याच्या भांड्यात ठेवून ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. ते हसू त्यांना फार ओळखीचं वाटत होतं. चांगलं काम झालं की असंच वाटतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुपारी ते बायकोला घेऊनच बाईंकडे गेले. पोस्टमास्तरांनी "अगं, तू होय!" म्हटलेलं तिलाही ऐकायचं होतं. अंगठे तिचेही दुखले होते.

बाईंनी पाठमोऱ्या होऊन कवळी बसवली. कवळीवाल्यांच्या बायकोनं आरसा पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "आधी हे बघतील, मग मी." मग जीभ आतल्या आत फिरवून त्या जरा गोंधळल्या. "डाव्या बाजूला काहीतरी खरखरीत लागतंय."

"तो कोपरा, बाई. तुमचाच. उडालेला."

"माझा? माझा कधी उडाला?"

"स्वतःचं स्वतःला दिसत नाही," कवळीवाले मायेनं म्हणाले. "तुम्ही हसा."

बाई नवऱ्यासमोर गेल्या, तोंडावरचा रुमाल काढला आणि हसल्या. पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, पुसट पत्ता वाचावा तसे. कवळीवाल्यांच्या बायकोला राहवेना. पोस्टमास्तरांना धीर यावा म्हणून बाईंच्या मागे उभी राहून तीही हसत होती.

पोस्टमास्तरांची नजर बाईंवरून सरकून तिच्यावर गेली. पुन्हा बाईंवर आली. पुन्हा तिच्यावर गेली. मग त्यांनी शांतपणे बोट दाखवलं.

"पत्ता चुकलाय," ते म्हणाले. "हे यांचं आहे. यांच्याकडे देऊन टाका."

कुणाला काहीच कळलं नाही. मग कवळीवाल्यांची बायको पुढे आली, बाईंच्या तोंडाजवळ वाकली आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला.

"अहो," ती म्हणाली, "हा माझा दात आहे."

"काहीतरीच काय!"

"कोपरा बघा. प्लास्टरची पहिली गोणी आली होती आपली. सुतळी सुटत नव्हती. तुमचे हात भरलेले, म्हणून मी दातानं तोडली. तुम्ही म्हणालात, रडू नकोस, धंदा सुरू झाला की पहिल्यांदा तुझा कोपरा बसवून देतो."

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. गावातल्या सगळ्या तोंडांचा हिशेब ज्याच्याकडे, त्यानं स्वतःच्या बायकोचं हसू चार दिवस हातात धरून घासलं होतं आणि त्याला ओळखू आलं नव्हतं. ते इतकंच म्हणाले, "फटीवरून गल्लत झाली."

"गल्लत?" बाई म्हणाल्या.

त्यांनी कवळी तोंडातून काढली आणि बशीत ठेवली. ठेवताना आवाज झाला.

"गल्लत म्हणजे काय? साचा घेतला नाहीत. घेतला होतात?"

"नाही."

"मी विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"मग काय उत्तर दिलंत?"

"जमाना बदलला."

"जमाना बदलला! आणि त्या दिवशी घरी येऊन अल्बम बघून गेलात, तेव्हा खरं सांगायला काय झालं होतं? दोन दातांत फट दिसली की बाई तीच? मग चार पाय दिसले की टेबल आणि गाय एकच का? सहा आठवडे मी रुमाल धरून बसलेय या घरात! बायको रोज समोर बसते, रोज हसते..."

"रोज नाही," कवळीवाल्यांची बायको हळूच म्हणाली.

"ऐका! रोज नाही म्हणतेय ती! त्याचं तरी कारण विचारलंत कधी?"

वरचे दात नसल्यामुळे शब्द कडेनं सांडत होते, पण एकही वाया जात नव्हता. दोन वर्षं डॉक्टरांच्या सांगण्यावरून दाबून ठेवलेला आवाज आता चढला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला. कवळीवाले मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात त्यांची बाही कुणीतरी ओढली.

पोस्टमास्तर खुर्चीत ताठ बसले होते. घाईघाईनं त्यांनी सदऱ्याची चुकलेली बटणं सोडून नीट लावायला घेतली होती. कवळीवाल्यांच्या कानाशी वाकून ते कुजबुजले, "तुम्ही गप्प राहा. मधे बोललात की वाढतं. माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

पोस्टमास्तर बायकोकडे वळले. "अगं, पण त्या माणसाला पाणी तरी दे. आल्यापासून ओरडतेस. आणि होतीस कुठे तू इतके दिवस? कुणी एक बाई येऊन बसायच्या इथे. गोड गोड बोलायच्या. मला काही सुचायचंच नाही."

बाईंचं बोट हळूहळू खाली आलं.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या. "चाळीस नाही, बेचाळीस वर्षं. कितीदा सांगायचं तुम्हाला?"

आणि त्या रडायला लागल्या. रडता रडता नवऱ्याजवळ बसून त्याचं शेवटचं बटण लावू लागल्या आणि लावता लावता पुन्हा रागावू लागल्या. वर्तमानपत्र घडी न करता का टाकलं, चष्मा कुठे आहे, काल औषध का थुंकलं. पोस्टमास्तर प्रत्येक आरोपाला मान डोलवत होते. उद्या सकाळी ते पुन्हा विसरतील हे बाईंनाही ठाऊक होतं. पण उद्या सकाळी काय करायचं हेही त्यांना आता ठाऊक होतं.

"तुम्ही जा," मधेच मान वर करून त्या कवळीवाल्यांना म्हणाल्या. "दात कसलेही करा. चावता आलं म्हणजे झालं. हे मात्र घेऊन जा, ज्याचं त्याला द्या."

कवळीवाल्यांनी बशीतली कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि दोघं बाहेर पडले.

रस्त्यानं बायको एक शब्द बोलली नाही. कवळीवाल्यांना आधी बरं वाटलं. मग तिसऱ्या वळणावर त्यांना भीती वाटायला लागली. गप्प बसलेल्या बायकोचं काय होतं आणि तिच्या नवऱ्याचं काय होतं, ते आत्ताच डोळ्यांनी बघून आले होते.

"अगं, बोल ना," ते म्हणाले.

ती चालत राहिली.

"तो कोपरा, मी खरंच विसरलो गं. चूक झाली माझी. तू मला काहीतरी बोल. रागाव."

ती बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघत राहिली. कवळीवाले शेजारी बसले. पहिल्यांदाच ते तिच्या दातांकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कानाजवळचे केस कधी पांढरे झाले? भुवईवर हा तीळ पहिल्यापासून होता का?

दोन थांबे गेले.

"अठ्ठावीस वर्षं," बायको म्हणाली.

आणि ती सुरू झाली. गोणीच्या सुतळीपासून सुरू झाली. घरात शिरताना भावानं दिलेल्या फोनाकडे बघतात, माझ्याकडे नाही, हे आलं. मधली सगळी वर्षं एकामागून एक आली. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघू लागली. कवळीवाले दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना बरं वाटत होतं. त्यांचा उतरायचा थांबा आला. बस थांबली, चार माणसं उतरली, बस सुटली. कवळीवाले मधे बोलले नाहीत.